सातव्या पानावरची मर्यादा

बाजारहत्नूरच्या नाट्यमंडपाला पन्नास वर्षं झाली म्हणून कमिटीने मंडपाच्या इतिहासाची पुस्तिका छापली. रेणुकाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. ओळीवर बोट ठेवून त्या वाचत गेल्या आणि सातव्या पानावर थांबल्या. 'स्त्री-भूमिका पुरुषच करीत. पुढे बाहेरगावच्या नट्या आणल्या. गावातील कुलीन स्त्रियांनी मंचावर पाऊल ठेवले नाही, ही आपली मर्यादा.'

त्यांचं डोकं सणकलं.

एक्क्याऐंशी साली नायिकेचं काम करणाऱ्या महिपतचं लग्न झालं, त्याने मिशा ठेवल्या आणि सासऱ्याच्या धाकाने त्या काढेना. नाटक आठ दिवसांवर आलेलं. तेव्हा पेटी वाजवणारे पंढरी, म्हणजे रेणुकाबाईंचे मालक, म्हणाले, "माह्या घरी सारं नाटक पाठ हाय. अन् मिशांची भानगडबी नाही."

रेणुकाबाई त्या मंचावर अकरा वर्षं उभ्या राहिल्या. पहिल्या साली बाजारात त्यांच्या टोपलीतल्या वांग्यांना महिनाभर कुणी हात लावला नाही. विहिरीवर बाया घागरी बाजूला सरकवत. त्याच बाया प्रयोगाला मात्र सर्वांत पुढे बसत. पाचवा महिना असतानाही रेणुकाबाईंनी राणीचं काम केलं. पोटात पंकज होता.

पुस्तिका हातात घेऊन त्या तडक कमिटीचे सचिव भगवंतराव यांच्या किराणा दुकानात गेल्या.

"मी बाहेरगावची हाव काय? हे काऊन लिहिलं?"

"वहिनी, राग नका धरू. आमी तुमचं नाव घेतलं होतं. पंकजच आला. पोरीची, रूपाची सोयरीक चालू हाय, आईचं नाव काढा म्हने."

रेणुकाबाईंनी पान पुढे केलं. "अन् हे कुलीन? हेबी पंकजनंच लिहिलं काय?"

भगवंतराव तुरीच्या डाळीचं पोतं उगाचच सारखं करू लागले.

घरी पंकज जेवायला बसला होता. "आई, लोक नाटकवाली म्हनतात," तो खाली मान घालून म्हणाला.

"लोकांनी म्हटलं ते मी तवाच ऐकलं. आता घरातून ऐकून राह्यली." त्यांनी ताट पुढ्यात ठेवलं, पण वाढलं नाही. सून रंजीता चुलीपाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "रूपाले मी सांगतलं हाय. आजी राणी व्हायची, ठाऊक हाय तिले."

सोहळ्याच्या दिवशी मंडप भरला होता. भगवंतराव पुस्तिका वाचत सातव्या पानावर आले, तशा रेणुकाबाई पायऱ्या चढून वर गेल्या.

"वहिनी, नंतर बोला."

"अकरा वर्षं बोलली इथं, तवा कोनी नंतर म्हटलं नाही." त्यांनी माईक हाताने बाजूला केला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे पान खोटं हाय. या मंचावर मी काम केलं. मी कुलीन नाही, तर या मंडपाच्या टिनाखाली बसून मले पाहनारे तुमचे मायबाप कोन होते?"

मागून म्हातारा महिपत काठी टेकत उठला. "खरं हाय. माह्या जागी तीच उभी राह्यली. माह्यापेक्षा चांगलं केलं तिनं."

"पुढच्या आवृत्तीत घालू," अध्यक्ष म्हणाले.

"मी काऊन वाट पाहू?"

त्यांनी मंचावरचा पुस्तिकांचा गठ्ठा ओढला, तिथंच मांडी घातली आणि पेन मागितलं. 'कुलीन'वाली ओळ खोडून खाली वाकड्या, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'रेणुकाबाई पंढरी, १९८१ ते १९९२.' एक झाली, दुसरी घेतली. पाहुणे उठून गेले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तरी त्या लिहीतच होत्या. संध्याकाळी रंजीता दुसरं पेन घेऊन शेजारी बसली. तीनशे प्रतींना तीन दिवस लागले. वाटून झालेल्या प्रतींसाठी त्या घरोघर गेल्या. काहींनी पुस्तिका हरवली म्हणून सांगितलं. त्यांना नवी मिळाली.

एक प्रत त्यांनी मुद्दाम मुधोळला, रूपाच्या होणाऱ्या सासरी पाठवली. दहा दिवसांनी तिकडून होकार आला. पंकज पेढे घेऊन आईसमोर उभा राहिला.

"त्यायले इचारून मी नाव लिहिलं नव्हतं," रेणुकाबाई म्हणाल्या. पेढा त्यांनी रूपाच्या हातून खाल्ला. पंकजशी मात्र त्या अजून धड बोलत नाहीत.