उसात लपलेलं

मंगळवार, सकाळचे अकरा. डोळ्यांच्या दवाखान्यात हजर: थोरला भाऊ अण्णा, डॉक्टरीणबाई, मी आणि माझी वही.

कॅमेऱ्याचा लख्ख झोत डोळ्यात घुसला तसा अण्णाने टेबलावर मूठ हाणली. पडद्यावर त्याचा उजवा डोळा उमटला. तांबड्या रानात छर्रे मारल्यासारखे पिवळट डाग होते.

“लिम्फोमाची शंका आहे, म्हणजे कॅन्सरची,” बाई म्हणाल्या. “सुईने डोळ्यातलं पाणी काढून तपासावं लागेल. पण स्टेरॉईडच्या थेंबांनी त्या पेशी दबतात, सापडत नाहीत. आधी दोन आठवडे थेंब बंद.”

सूज म्हणून दिलेले ते थेंब मी सहा महिने वेळेवर घातले होते. वहीत एकही खूण चुकली नव्हती.

“म्हणजे उसातलं रानडुक्कर,” अण्णा म्हणाला. त्याच्या मांडीवर सुळ्याची वीतभर खूण आहे. “ऊस तुटला की दिसतं, आणि दिसलं की अंगावर येतं. सुमे, तू तर सहा महिने उसाला पाणी पाजलंस की गं!”

तो हसला. मला तो पडदा फोडावासा वाटला. शेत शांत दिसलं की आपण किती सहज म्हणतो, राखण चांगली चालली आहे.

दुपारी दोन वाजता अण्णा सवयीने मान मागे टाकून बसला. बाटली माझ्या हातात होती.

“येऊ दे अंगावर,” तो म्हणाला.

मी झाकण घट्ट लावलं. वहीतला दोनचा रकाना अजून रिकामा आहे.