मॅटीच्या कापडाची उलटी बाजू

सातवीत शिवणाच्या तासाला मिळालेल्या मॅटीच्या कापडावर शामलाबाई पन्नास वर्षं नमुने भरत होत्या. नवा टाका शिकला की त्याची एक ओळ. तुळजापुरात कुणीही भरतकाम दाखवलं, की त्या आधी ते उलटं करून मागचा गुंता शोधायच्या.

यंदा हात थरथरायला लागला. नवी ओळ संपवून त्यांनी कापड उलटलं, तर मागे गुंताच गुंता. तोंड पाडून त्या नवऱ्याला, तात्यांना म्हणाल्या, “बास झालं. पेटीत ठेवून द्या हे.”

तात्यांनी चष्मा लावून कापड निरखलं. “अन् या कोपऱ्यातला गुंता कुणाचा?”

“माझाच. सातवीतली पहिली ओळ.”

“तेव्हा कुठं सोडलंस?”

शामलाबाईंनी कापड परत मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, “चष्मा लावलाच आहे, तर सुई ओवून द्या.”