पायलीभर धानाचं पुस्तक
शहरातल्या एका संपादकाने आसगावच्या शेतकरी कवीला फसवलं. नव्या तांदळाचा वास आला की तो कवी मला आठवतो. मळणीनंतर भरलेल्या झाडीबोलीच्या, म्हणजे आमच्या धानपट्ट्यातल्या बोलीच्या, मेळाव्यात तो स्वतः छापलेलं पुस्तक पायलीभर धानाला देत होता. मी धानाचा व्यापारी, घासाघीस केल्याशिवाय मिठाची पुडीही न घेणारा. "अर्ध्या पायलीत दे," मी दरडावलं. तो हसला. "शेठ, पैशाचा भाव रोज बदलते, पायलीभर धानानं पोट तेवढंच भरते. कायले कमी करू?" बाजाराचं मर्म इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. मी पायली भरून दिली, वर मूठभर जास्त. आता संपादकाने त्याच पुस्तकातल्या कविता उचलून आपल्या संग्रहात घातल्या आणि खाली 'पारंपरिक, कवी अज्ञात' छापलं आहे. कवी तर आजही आसगावात धान कापतो. संपादकसाहेब, त्याचं नाव काहून खोडलं, सांगा.