पाय बघायचे, पडणारा नाही

तीस वर्षं बास्केटबॉलची शिट्टी वाजवली. पंचाचे शर्ट विरले. किस्से मात्र विरत नाहीत, साठतच जातात!

माझं शिक्षण सातवी. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. भिवपुरी कॉलनीतल्या एका साहेबांनी ते तोंडी समजावलं. स्क्रीन म्हणजे साथीदार मोकळा व्हावा म्हणून समोरच्याच्या वाटेत उभं राहणं. पाय रोवून उभा असेल आणि दुसरा येऊन धडकला, तर उभा राहणारा निर्दोष. ऐनवेळी सरकला किंवा पाय फार फाकवले, की फाऊल त्याचा. आणि आमच्याकडे ज्याचा फाऊल, त्याने हात वर करायचा.

*

पोशीरचा एक पोरगा स्क्रीनला पाय हे एवढे फाकवून उभा! धडक झाली, मी शिट्टी मारली.

"बांध घालतोस काय रं?"

"काका, बापानं असंच शिकवलंय. पानी अडवाया!"

*

खालापूरचा एक गडी स्क्रीनला आपटला आणि आडवाच झाला. लोक ओरडले, "फाऊल! फाऊल!" मी पडणाऱ्याकडे कधी बघत नाही, उभ्याचे पाय बघतो. पाय जागेवर होते. आडव्याने हळूच एक डोळा उघडला.

"दुसरापन उघड," मी म्हटलं. "खेळ पुढं गेला."

*

घरीसुद्धा सुटका नाही. स्वयंपाकघराच्या दारात बायकोला धडकलो, चहा सांडला.

"दिसत नाय का?" मी ओरडलो.

"मी हुबी व्हते. तुमी आलात. करा हात वर!"

मी केला नाही.

*

कशेळ्याला मातीचं मैदान. पाणी मारलेलं. मुलींची फायनल. वरच्या वाडीतल्या सुगंधाने स्क्रीन लावली, धडकणारी पोरगी जोरात पडली, इकडे सुगंधाच्या मैत्रिणीने जिंकायची बास्केट केली. मी त्या दिवशी पडणारीकडे बघितलं. सुगंधाला फाऊल दिला, बास्केट रद्द. त्या हरल्या.

"काका, मी हुबी व्हते."

"गप! निकाल दिला."

तिने हात वर केला.

मैदान रिकामं झाल्यावर मी तिथे गेलो. ओल्या मातीत दोन पावलं. खोल, स्वच्छ, जराही घसरलेली नाहीत. मी ती बुटाने पुसली.

*

सुगंधा आता शाळेत खेळाची बाई आहे. पंचही झाली. यंदा त्याच मैदानावर आम्ही दोघांनी मॅच घेतली. सगळे गेल्यावर मी बोललो.

"त्या दिवशी तुझे ठसे बघितले व्हते. मीच पुसले."

ती रिंगखाली गेली, त्याच जागी पाय रोवले, हात छातीशी घेतले.

"या काका. धडका."

"येडी हायस काय गं?"

"या."

गेलो. खांद्याला खांदा लागला. ती हलली नाही.

"कोनाचा फाऊल?"

मी हात वर केला.