बाबांच्या वाट्याची साखर

ताईचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे लोक मोरोक्कोतून इस्राएलला गेलेले यहुदी. त्यांच्यात लग्न ठरल्याच्या समारंभाला ‘हिना’ म्हणतात. तिथली हिब्रू बोलणारी नवी पिढी ‘एरुसिन’ म्हणते. ताई ‘साखरपुडा’ म्हणाली तर होणारा जावई हसला म्हणे. ‘तरी मी आपल्या रीतीनंच करणार,’ ती लिहिते, ‘पण साखर कोण कोणाला आधी घालतं, तेच आठवत नाहीये. माझ्या वेळी तू होतीस ना तिथे? नीट क्रमवार लिहून पाठव.’

होते तर. मलिदा मीच बिघडवला, म्हणजे होतेच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. कोकणातले आजोबा कापडगिरणीच्या नोकरीपायी इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि प्रार्थनेपुरतं हिब्रू. शनिवारी आमची चूल पेटत नसे, म्हणून गल्लीत आम्ही ‘शनिवारवाले’. बाबाही गिरणीतच. मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. बाबा पाकिटावर अजून ‘मध्य भारत’च लिहीत. सवयीचं काही सोडायला त्यांना वेळ लागायचा.

आई गेल्यावर ताईनंच घर सांभाळलं. शाळेत शिकवायची, सायकलवर जायची. मी सतरा वर्षांची, कामाला निरुपयोगी, पण तोंडानं तरबेज. मुंबईच्या एका लग्नात ताईला मुलगा पसंत पडला, त्यालाही ती. साखरपुडा आमच्या घरी, रविवारी दुपारी करायचा ठरला.

त्याच्या आठ दिवस आधी ताईनं मला मागच्या अंगणात नेलं. तिच्या हातात त्याचं पत्र होतं. मुलाकडच्या सगळ्यांनी इस्राएलला जायचे कागद भरले होते. लग्न झालं की वर्षाच्या आत बोट.

"बाबांना सांगितलंस?"

"साखर घालून झाली की सांगेन. आधी सांगितलं तर नाही म्हणतील. नंतर म्हणता यायचं नाही."

ते खरंच होतं. आमच्यात साखर तोंडात गेली की शब्द दिला. मुलीच्या बापानं साखर खाल्ली आणि मग लग्न मोडलं, असं कुणी ऐकलेलं नव्हतं.

"आणि तू जीभ आवर," ताई म्हणाली. "सायकल तुलाच ठेवून जाईन."

मी जीभ आवरली. मोठं मन वगैरे काही नाही, सायकलीसाठी. बाबा रोज संध्याकाळी गिरणीतून येत, ताईच्या हातचा चहा पीत आणि म्हणत, "मुंबई काय, एका रात्रीची गाडी. वाटलं की जाता येईल." मी शेजारी बसून सायकलीला कोणत्या रंगाची घंटी लावावी याचा विचार करी.

रविवारी मलिदा माझ्याकडे आला. मलिदा म्हणजे आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा मान: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं, त्यावर प्रार्थना म्हणायची. मी पोहे इतके भिजवले की लगदा झाला. शेजारच्या काकू, होळकरांच्या फौजेतल्या घराण्यातल्या, डोकावून म्हणाल्या, "बेटा, हे पोहे आहेत की खीर? ठहर, जिरावन मसाला देते, चव तरी येईल."

"काकू, ह्याच्यावर जिरावन नसतं!"

"इंदूरात राहून पोह्यावर जिरावन नाही? तुमचा देव नाराज नाही होत?"

सगळे हसले. बाबाही. त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच हसू.

प्रार्थना झाली. मुलाच्या आईनं ताईच्या तोंडात साखर घातली, बोटात अंगठी घातली. मग आमच्या आत्यानं मुलाच्या तोंडात साखर घातली. मग वडीलधारी एकेक चिमूट घेऊ लागली. साखरेचं ताट बाबांपर्यंत आलं, तेवढ्यात मुलाचा थोरला भाऊ म्हणाला, "आता साखरपुडा म्हणायची सवय सोडा हं, मामा. एरुसिन म्हणा. तिकडे गेल्यावर तेच म्हणायचंय."

"तिकडे म्हणजे कुठे?" बाबांनी विचारलं.

मुलाची आई गोंधळली. "अगं बाई, पोरीनं सांगितलं नाही? पुढच्या वर्षी आम्ही सगळेच इस्राएलला. रोज प्रार्थनेत यरुशलाइमचं नाव घ्यायचं आणि जायचं मात्र नाही, असं कसं चालेल?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे. मी मलिद्याकडे. त्या लगद्याकडे इतक्या भक्तिभावानं कुणी पाहिलं नसेल.

"नाव काहीही द्या," बाबा शेवटी म्हणाले. "जाणार ती माझीच." मग थोरल्या भावाला म्हणाले, "तिकडे साखर मिळते का?"

"मिळते की. कुपनावर."

बाबांनी चिमूटभर साखर तळहातावर घेतली, हात तोंडापाशी नेला. "मझल टोव!" सगळे ओरडले, आत्या रडायला लागली, काकूंनी बोटं मोडून दृष्ट काढली. बाबांची मूठ उघडलीच नव्हती. ती तशीच खाली आली आणि कोटाच्या खिशात गेली. हे मी पाहिलं. आणि मी पाहिलं, हे बाबांनी पाहिलं.

पुढे मुंबईला लग्न झालं. बाबांनी सगळं रीतसर केलं, ताईला एका शब्दानं बोलले नाहीत. सायकल माझी झाली. पहिल्याच दिवशी गिरणीच्या फाटकापाशी पडले, गुडघा फुटला. नवी घंटी मात्र शाबूत राहिली.

बोटीच्या आधी ताई आणि तिचा नवरा दोन दिवस इंदूरला येऊन गेले. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. उन्हाळा होता, तरी बाबांनी तोच कोट घातला होता. ताई खिडकीतून म्हणत होती, "दोन वर्षांत येते, बाबा. नाहीतर तुम्हीच या." बाबा मान हलवत होते. गाडी फलाटाबाहेर गेली, शेवटचा डबा वळला, तेव्हा त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्या रविवारच्या साखरेचा खडा झाला होता. त्यांनी तो तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

"दिली पोरगी," म्हणाले.

परत येताना बाबांनी टांगा केला. मग म्हणाले, "तुला ठाऊक होतं ना?"

मी हो म्हटलं.

"सांगितलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं." कोटाची बटणं सोडत म्हणाले, "आणि ती राहिलीही असती. चुलीपाशी बसून आयुष्यभर माझ्याकडे बघत."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते काही कळलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. ताई दोन वर्षांत आली नाही. बाबा गेले तेव्हा तिला कळायलाच पंधरा दिवस लागले. त्यांच्या चुलीपाशी मी राहिले. एकेक करत आमची माणसं इंदूरहून गेली, तेव्हा माझ्यासाठी साखर आणायला कुणी उरलंच नव्हतं. आणि माझा मलिदा ज्यांनी खाल्ला होता, ते आलेही नसते.

काल ताईला उत्तर लिहिलं. आधी मुलाची आई मुलीला साखर घालते, मग मुलीची आत्या मुलाला, मग वडीलधारी. मुलीच्या बापाचा नंबर शेवटी. बाकी मागेपुढे झालं तरी चालेल. पण त्याच्यापर्यंत ताट जायच्या आधी त्याला सगळं सांगितलेलं असू दे. आणि त्यानं साखर घेतली, की त्याच्या मुठीकडे कुणी बघू नका.