किरणांचं पाणी आणि मुदतीचा ताप

“टायफॉईड,” डॉक्टर म्हणाले आणि लगेच विचारलं, “पाणी कुठलं पिता?”

अंगात ताप फणफणत असताना आमचे हे कोपरावर भार देऊन उठून बसले. “किरणांचं,” ते म्हणाले. “आमच्या कॉलनीत पाण्यात औषध घालत नाहीत.” छाती अशी फुगवली होती, की डॉक्टर आता हारच घालणार. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं.

टायफॉईड म्हणजे आपला मुदतीचा ताप. विडाल टेस्ट नावाची रक्ताची तपासणी असते, तीत तो कळतो. त्याचे जंतू पाण्यातून नाहीतर अन्नातून पोटात जातात, आणि त्या पाण्यात ते कुणाच्या तरी शौचातून आलेले असतात. इतकं उघड कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नगरच्या त्या दवाखान्यात आम्हाला भेटायला येणारी शहाणी माणसं हवा बदलली, बाहेरचं खाल्लं, नजर लागली असं काहीबाही सांगून जात. पाण्याचं नाव एकानेही काढलं नाही.

हे एका साखर कारखान्यात असिस्टंट इंजिनिअर होते. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष. कालव्याला पाणी नव्हतंच. तळ्याच्या बुडाशी उरलेला गाळ ढवळून पंप जे ओढेल ते आमचं पाणी. ऊसतोडीला आलेल्या मजुरांसाठी टँकर येई आणि त्यात ब्लीचिंग पावडर टाकत. आमच्या साहेबलोकांना त्या पावडरीच्या वासाची शिसारी. मजुरांनी प्यायलेलं चालतं, आपण कसं प्यायचं?

चीफ इंजिनिअर पूर्वी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी मुंबईहून एक यंत्र आणलं. लोखंडी नळकांडं, त्याच्या आत काचेची नळी आणि नळीत दिवा. त्यातून अल्ट्राव्हायोलेट किरण निघतात, म्हणजे जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे. काचेभोवतीने पाणी वाहत जातं आणि त्या किरणांनी जंतू मरतात. ना वास, ना चव. “जहाजावर आम्ही हेच प्यायचो,” असं ते येता-जाता ऐकवत. जहाजाचं टाकीतलं पाणी आणि आमचं चहाच्या रंगाचं पाणी यांत काही फरक असेल, हे त्या अनुभवी माणसाच्या डोक्यात आलं नाही.

नळकांड्याला एक बारीक खिडकी होती, तिच्यातून आतला निळसर उजेड दिसे. घरी पाहुणा आला की हे त्याला पंपहाऊसपर्यंत चालवत नेत आणि खिडकीला डोळा लावायला लावत. मला पाहायला आले होते तेव्हासुद्धा ह्यांनी एवढा वेळ पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात ताप रोज पायरी-पायरीने चढत गेला. क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल सुरू झाल्या. तुमच्या घरी कुणाला हा आजार झाला तर एक लक्षात ठेवा, औषध सुरू झालं म्हणजे ताप दुसऱ्या दिवशी उतरत नाही. धीर धरावा लागतो. ह्यांना भ्रम व्हायचा. “दिवा चालू आहे का बघ,” असं पुन्हापुन्हा म्हणत. “चालू आहे,” मी म्हणायची आणि कपाळावरची पट्टी बदलायची. नवरा मरायला टेकलाय आणि त्याच्या तोंडी बायको नाही, मुलं नाहीत, एक दिवा!

मुलं सासूबाईंकडे कॉलनीत होती. त्यांना पाहायला मी एक दिवस परत आले, तर पंपहाऊससमोर गर्दी. कॉलनीत आणखी काहीजण तापाने पडले होते, म्हणून जिल्ह्याहून आरोग्य खात्याचे डॉक्टर आले होते. त्यांनी पंपावरच्या भानुदासला दिवा बंद करून नळकांडं उघडायला लावलं. आतली काच लालभडक!

दसऱ्याला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. चेअरमनबाईंसाठी हे नळकांडं मुद्दाम उघडलं होतं, कारण बाहेरच्या लोखंडाला कुंकू लावणं त्यांच्या मानाला शोभलं नसतं. पाण्याने जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवलेलं. त्यांच्यानंतर मॅनेजरबाई, मग चीफ इंजिनिअरबाई, अशा नवऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे एकेकीने काचेवर बोटं ओढली. मीही ओढली असती, पण माझा नंबर येईपर्यंत काच शिल्लक राहिली नव्हती.

“पण उजेड तर रोज दिसत होता,” चीफ इंजिनिअर म्हणाले.

“उजेड बोटांमधल्या फटीतून दिसतो,” डॉक्टर म्हणाले. “किरण कुंकवाच्या पलीकडे जात नाहीत. आणि कुंकू नसतं तरी इतक्या गढूळ पाण्यात ते कुठवर पोचणार? आधी पाणी नीट गाळायला हवं. यंत्र चांगलं आहे हो, पण ते तुमच्या हाती लागलं. आधी ही काच पुसून घ्या.”

पुसा म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. चीफ इंजिनिअरांना आठवलं, की हे चेअरमनसाहेबांच्या कानावर घालायला हवं. भानुदास दोन पावलं मागे सरला. “बाईसाहेबांनी लावलेलं कुंकू हाय. मी न्हाई पुसायचो. लई वंगाळ असतंय ते.”

माझी दोन्ही मुलं हेच पाणी पीत होती. मी डॉक्टरांकडून स्पिरिटचा बोळा घेतला आणि काच पुसून काढली. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. डॉक्टरांनी लगोलग टाकीत पावडर टाकायला लावली. त्या वासाने नाकं मुरडली गेली.

सासूबाई पाथर्डीकडच्या. दारातच म्हणाल्या, “नवरा तिकडं दवाखान्यात पडलाय आन् तू कुंकू पुसतीस व्हय? लई शानी झालीस!”

मी तशीच आत गेले. पोरांसाठी पाणी उकळून ठेवलं आणि नगरची एस्टी पकडली.

दुसऱ्या दिवशी ह्यांना शौचावाटे रक्त गेलं. चेहरा पांढराफटक, हातपाय गार, नाडी लागेना. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “हॅमरेज.” म्हणजे आतल्या आत रक्तस्राव. तिसऱ्या आठवड्यात टायफॉईडच्या जंतूंनी आतड्याला व्रण पडतात, त्यातून रक्त जाऊ शकतं आणि कधी आतडं फुटतंही.

आजवर सगळ्यांना हसणारी मी खाटेचा गज धरून उभी होते. मला सासूबाईंचं बोलणं आठवलं. नको होतं पुसायला, असं मनात आलं. एवढंच नाही, मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, “काल माझ्या हातून काही झालं म्हणून तर नाही?”

“हे व्रण कालचे नाहीत, बाई,” डॉक्टर म्हणाले. “रक्ताची सोय करा.”

चीफ इंजिनिअरांनी मोसंबी पाठवली. रक्त माझ्या भावाने दिलं. तोंडाने सगळं बंद, पोटावर बर्फाची पिशवी, सलाईन, आणि हलायचं नाही. सुशीला सिस्टरनी त्या दिवसांत किती वेळा चादरी बदलल्या आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. जगात अजून माणसं आहेत असं मला वाटलं ते तिच्यामुळे. रक्त थांबलं आणि ताप उतरायला लागला. ह्यांनी एके सकाळी डोळे उघडून “पोरं कुठायत?” असं विचारलं तेव्हा मी पदरात तोंड घालून रडले.

घरी आलो तेव्हा ह्यांच्या अंगावर नुसती कातडी होती, पण अभिमान शाबूत. “काच पुसल्यावर यंत्र ठीकच चालत असणार,” म्हणाले. मी दात आवळून भाताची पेज भरवली.

मग एक दिवस चेअरमनबाई गाडीतून आल्या. मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “तुमचं कुंकू बळकट म्हणून हे वाचले हो!” क्लोरॅम्फेनिकॉल, भावाचं रक्त, सुशीला सिस्टर, सगळं फुकट गेलं; श्रेय कुंकवाला. मी पाण्याचा पेला पुढे केला.

“नको, माझं आहे बरोबर,” त्या म्हणाल्या. ड्रायव्हर गाडीतून थर्मास घेऊन आला. “आम्ही पहिल्यापासून उकळलेलंच पितो. आमच्या ह्यांच्या पोटाला दुसरं सोसतच नाही.”

पहिल्यापासून! म्हणजे दिव्याला कुंकू लावलं त्या दिवशीही. त्या थर्मासचं झाकण भरून सावकाश पाणी प्यायल्या, तोंड टिपलं आणि तब्येतीला जपायला सांगून गेल्या.

हे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाडीचा आवाज लांब गेला. मला वाटलं, आता चेअरमनबाईंची बाजू घेतील. मी तयारच होते.

“आपल्याकडे मोठं पातेलं आहे का गं?” त्यांनी विचारलं.