पाटावरचं घर

शाळेच्या मैदानावर कुणी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारत असलं, की त्या कोरड्या, नाकाला झोंबणाऱ्या वासानं मला औंधजवळच्या आमच्या रानातली ती दुपार आठवते. वडील फौजेतून सुट्टीवर आले होते. ऊस तुटून रान मोकळं झालेलं बघून त्यांना लहर आली. कबड्डीच्या मैदानाची उरलेली फक्की त्यांनी घमेल्यात आणली आणि आईला म्हणाले, "पैशाचं इसर. कुठं ऱ्हायला आवडंल, तिथं घर आख." आईचं माहेर जतकडचं, लहानपण टँकरची वाट बघण्यात गेलेलं. तिनं घमेलं कमरेवर घेतलं आणि रेघ ओढत निघाली. सोपा झाला, दोन खोल्या झाल्या, आणि मग रेघ वाहता पाट ओलांडून थेट पलीकडं गेली. वडील हसायलाच लागले. "अगं, सैपाकघरातनं पाट वाहतोय व्हय कुठं?" "पैशाचं इसर म्हणलासा न्हवं? मग वाहू द्या की!" तेवढ्यात शेजारच्या काकू भाकरी-ठेचा घेऊन आल्या आणि रेघेपाशी त्यांनी आपसूक चपला काढल्या. मग काय, चौघंही त्या स्वयंपाकघरात बसून, गार पाण्यात पाय सोडून पोटभर जेवलो. पुढच्या हंगामात तिथं पुन्हा ऊस उभा राहिला. परवा विश्रामबागेतला माझा नवा फ्लॅट बघायला दोघं आले. हॉल नाही, गॅलरी नाही, आई सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून धारेखाली हात धरला आणि तिथूनच ओरडली, "आवं, हिकडं या! पाट तिसऱ्या मजल्यावर चढलाय!"